सिगरेटमधला फुगवलेला तंबाखू: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

थर्मोडायनॅमिक्स शिकवताना कार्बन डायऑक्साइडचा विषय निघाला की मी फुगवलेल्या तंबाखूचं उदाहरण देते आणि मग वर्गात प्रश्न सुरू होतात ते थांबतच नाहीत, पोरं घरी जाऊन सांगतात, मग घरचे विचारतात, असं करत करत व्हॉट्सॲपवर बरंच काही जमलंय. सगळं एका जागी असलेलं बरं म्हणून लिहून काढलं. यातलं इंजिनिअरिंग खरंच शिकण्यासारखं आहे, मी ते जीव ओतून शिकवते, पण त्याचा फायदा ओढणाऱ्याला झालेला नाही, आणि हे गोव्यातल्या प्रत्येक घरात कळायला पाहिजे असं मला वाटतं.

फुगवलेला तंबाखू म्हणजे नक्की काय?

शेतातल्या हिरव्या पानात ८० ते ९० टक्के पाणी असतं, पेशी टम्म भरलेल्या असतात. पान बार्नमध्ये, म्हणजे सुकवायच्या बंद खोलीत, टांगून गरम हवेने सुकवलं की पाणी जातं आणि पेशींच्या भिंती आत कोसळून एकमेकींना चिकटतात, म्हणून सुकलेलं पान पातळ आणि दाबल्यासारखं होतं. कारखान्यात या बसलेल्या पेशी परत आतून फुगवतात, म्हणजे वजन तेवढंच पण जागा जवळजवळ दुप्पट. पाणी परत भरत नाहीत हं, आत राहते ती हवा. आपल्याकडे चिरमुरे करतात त्याच्यामागचं तत्त्व हेच, दाण्यातल्या ओलाव्याची एकदम वाफ झाली की दाणा फुलतो आणि मग त्याच आकारात कडक होऊन राहतो.

पण कंपनीला एवढा खटाटोप करून मिळतं काय?

पैसे वाचतात. सिगरेट वजनावर विकत नाहीत, नगावर विकतात. गिऱ्हाइकाला हातात घेतल्यावर ती भरलेली, घट्ट वाटली पाहिजे बस. आता एका ग्रॅम तंबाखूने किती जागा भरते याला या धंद्यात फिलिंग पॉवर म्हणतात, कापलेल्या तंबाखूचा ठरलेला नमुना सिलिंडरमध्ये घालून वरून ठरलेलं वजन ठेवायचं आणि थोड्या वेळाने उंची मोजायची, एवढं साधं माप आहे. साध्या कापलेल्या पानाचं हे माप साधारण ४ ते ५ घन सेंटिमीटर प्रति ग्रॅम येतं आणि चांगला फुगवलेला असेल तर त्याच्या दुप्पट किंवा थोडं वरसुद्धा. म्हणजे ब्लेंडमध्ये, म्हणजे कांडीतल्या तंबाखूच्या मिश्रणात, थोडासा जरी मिसळला तरी प्रत्येक कांडीमागे तंबाखू वाचतो, आणि सिगरेटची मशीन मिनिटाला हजारो कांड्या काढते, मोठी मशीन तर २०,००० च्या आसपास, तेव्हा वर्षाचा हिशोब तुम्हीच करा.

१९५० च्या दशकात एका सिगरेटमध्ये ग्रॅमभर किंवा जास्तच तंबाखू असायचा, आता साधारण ०.६ ते ०.७ ग्रॅम. सगळं श्रेय फुगवण्याला देऊ नका, फिल्टर आला, फिल्टरने तंबाखूची जागा खाल्ली, देठं वापरात आली, चुऱ्यापासून कागदासारखं शीट करून ते पण घालायला लागले. पण फुगवणं हा त्यातला मोठा भाग.

आणि एक आपल्याकडची गोष्ट, भारतात सिगरेटवरचा टॅक्स हजार कांड्यांमागे आणि लांबीप्रमाणे लागत आलाय, वजनाप्रमाणे नाही. त्यामुळे आत तंबाखू कमी भरला म्हणून टॅक्स कमी होत नाही, पण कच्च्या मालाचा खर्च होतो, आणि तो फरक राहतो कंपनीकडे.

प्रोसेस स्टेप बाय स्टेप सांगा ना, परीक्षेला येतं

बरं. सगळ्यात जास्त चालणारी पद्धत ड्राय आईसची, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडची, तीच सांगते.

त्याच्या आधीचं थोडक्यात: सुकलेलं पान थ्रेशिंग प्लांटमध्ये जातं, तिथे पानाचा पातळ भाग आणि मधली जाड शीर वेगळी करतात, परत सुकवून साधारण १२ टक्के ओलाव्यावर आणून खोक्यांत भरतात आणि वर्ष-दोन वर्षं मुरवत ठेवतात. नंतर कारखान्यात वाफ देऊन मऊ करायचं, साखर, ज्येष्ठमध, कोको असलं काहीबाही लावायचं आणि मग मिलिमीटरभर रुंदीच्या बारीक पट्ट्या कापायच्या.

आता मुख्य भाग. या पट्ट्या जाड पोलादी भांड्यात भरतात, झाकण घट्ट, आतली हवा काढून टाकतात आणि लिक्विड कार्बन डायऑक्साइड सोडतात. प्रेशर साधारण ३० बार, म्हणजे आपल्या हवेच्या तीसपट, आणि त्या प्रेशरला लिक्विडचं तापमान शून्याच्या थोडं खाली. लिक्विड पट्ट्यांच्या आत, पेशींच्या फटींत शिरतं. मग जास्तीचं लिक्विड खालून काढून घेतात आणि प्रेशर सोडतात. इथे खरी गंमत आहे, प्रेशर उतरताना आत अडकलेल्या लिक्विडमधलं थोडं गॅस होऊन उडतं आणि त्याने उरलेलं इतकं गार पडतं की तिथल्या तिथे पेशीच्या आतच ड्राय आईस तयार होतो. भांडं उघडलं की तंबाखू गोठलेला, पांढुरकी झाक असलेला, ढेकळं झालेला असतो, ती ढेकळं मशीनमध्ये हलक्या हाताने फोडून मोकळी करतात, आणि गार ठेवूनच पुढे नेतात कारण वाटेत गरम झाला तर सगळी मेहनत हवेत.

पुढे एक उंच पाइप, त्यातून ३०० अंशांच्या पुढची गरम हवा आणि वाफ जोरात वाहत असते, तंबाखू त्यात सोडतात. काही सेकंदांचाच खेळ. आतला ड्राय आईस झटक्यात गॅस होतो, बाहेर पडायला वेळच मिळत नाही म्हणून पेशी आतून ढकलतो, आणि त्याच क्षणी पाणी उडून पेशीची भिंत कडक होते, म्हणजे फुगलेला आकार पक्का होतो. यात वाफेचं प्रमाण भरपूर ठेवतात, ऑक्सिजन जास्त झाला तर त्या तापमानाला तंबाखू पेटेल. शेवटी सायक्लोनमध्ये, म्हणजे गोल फिरवून वेगळं करणाऱ्या भांड्यात, गॅस आणि तंबाखू वेगळे.

बाहेर येतो तो तंबाखू एकदम सुका, हातात घेतला की चुरा. म्हणून गार करून, बारीक पाण्याचा फवारा मारत ओलावा परत ११-१२ टक्क्यांपर्यंत आणतात, आणि हे घाईत केलं तर फुगलेल्या पेशी परत बसतात. मग ब्लेंडमध्ये जातो. परीक्षेत हा शेवटचा फवारा बहुतेक जण विसरतात, लिहा.

कार्बन डायऑक्साइडच का? दुसरा गॅस का नाही?

कारण तो साध्या हवेच्या प्रेशरला लिक्विड राहूच शकत नाही. त्याचा ट्रिपल पॉइंट, म्हणजे जिथे घन, लिक्विड आणि गॅस तिन्ही एकत्र राहतात तो बिंदू, उणे ५६.६ अंश आणि ५.१८ बार, त्याच्या खाली प्रेशर आलं की एकतर घन नाहीतर गॅस. आणि हवेच्या प्रेशरला ड्राय आईस उणे ७८.५ अंशांना थेट गॅस होतो, मधे पाणी-बिणी काही नाही. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या एंट्रीला जमिनीवरून पांढरं धुकं सोडतात ते बऱ्याचदा यानेच करतात.

ड्राय आईसपासून गॅस होताना जागा साधारण ८०० पट वाढते. पेशीच्या आत एवढीशी कणी असली तरी पुरते. शिवाय स्वस्त, न पेटणारा, आणि परत गोळा करून वापरता येतो. नायट्रोजननेही फुगवायची पद्धत आहे पण त्याला कितीतरी जास्त प्रेशर लागतं, भांडीही तशीच जाड.

आधी यासाठी फ्रिजमधला गॅस वापरायचे हे खरं का?

खरं आहे, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने फुगवण्याची पद्धत काढली, १९७० मध्ये पेटंट मिळालं, त्यात सीएफसी-११ नावाचं फ्रिऑन वापरायचे. ते २३.८ अंशांना उकळतं, म्हणजे आपल्या गोव्याच्या डिसेंबरातल्या दुपारीसुद्धा ते लिक्विड राहणार नाही. तंबाखूत मुरवायचं, गरम वाफ द्यायची, की झालं, ३० बारची भांडी नको, गोठवणं नको. कारखानदाराला किती सोयीचं!

पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हे सीएफसी वर जाऊन ओझोन खातात, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक जगासमोर आलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला सीएफसीचा वापर कमी करण्याचा मॉन्ट्रियल करार झाला. लोकांना वाटतं सीएफसी म्हणजे फक्त फ्रिज, एसी आणि स्प्रेचे डबे. तंबाखू फुगवायलाही ते वापरत होते हे फार थोड्यांना माहीत असतं. चीनमध्ये तर हा वापर एवढा होता की २००० नंतर मॉन्ट्रियल कराराच्या मल्टिलॅटरल फंडातून पैसे देऊन तो बंद करावा लागला, आणि तिथले कारखाने कार्बन डायऑक्साइडवर गेले. विचार करा, सिगरेटमधला तंबाखू वाचावा म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर झिजवत होते, आणि मग ते थांबवायलाही सार्वजनिक पैसा. मला हे वर्गात सांगताना दरवेळी राग येतो.

नुसत्या वाफेने फुगत नाही का?

थोडंफार फुगतं. कापलेल्या तंबाखूचा ओलावा वाढवून त्याला वाफेच्या बोगद्यातून नेतात आणि लगेच झटपट सुकवतात, बऱ्याच कारखान्यांत ही पायरी नेहमीचीच आहे. पण ड्राय आईसएवढा फुगवटा त्यात येत नाही.

देठांचं, शिरांचं काय करतात?

टाकत नाहीत. पानाच्या वजनात मधली शीर साधारण पाव हिस्सा असते, एवढं कोण टाकेल. पूर्वी हा माल कमी दर्जाचाच धरायचे. आता शिरा भिजवतात, रोलरमध्ये चेपतात, बारीक कापतात आणि वाफ देऊन झटक्यात सुकवतात. शीर जाड आणि जास्त पाणी धरणारी असल्यामुळे ती वाफेनेच छान फुगते. जागा भरायला तर पानापेक्षा सरस. निकोटिन मात्र शिरेत पानापेक्षा बरंच कमी, त्यामुळे ब्लेंड करणारा माणूस किती शीर, किती फुगवलेला, किती साधा हे बघून कांडीतलं निकोटिन पाहिजे तिथे आणून ठेवतो. हे प्रमाण पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं.

माझ्या सिगरेटमध्ये फुगवलेला तंबाखू आहे का हे कसं ओळखायचं?

एक कांडी उभी फाडा आणि तंबाखू पांढऱ्या कागदावर पसरा, चांगला उजेड घ्या, जमलं तर भिंग. सगळ्या पट्ट्या सारख्या दिसणार नाहीत. काही चपट्या, गडद, जराशा तेलकट, चिमटीत धरून वाकवल्या तर वाकतात. काही जाडसर, वेड्यावाकड्या पिळलेल्या, रंगाने फिक्या आणि दाबल्या की कट्ट करून तुटतात, त्या फुगवलेल्या असण्याची शक्यता जास्त. आणि पांढुरके-पिवळे, लाकडाच्या भुश्यासारखे दिसणारे तुकडे शिरेचे. अगदी पिवळसर तपकिरी, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत कागदासारखा तुकडा दिसला तर तो चुऱ्याच्या शीटचा. सोनाराकडचा काटा मिळाला तर वजन पण करून बघा. नुसत्या नजरेने छातीठोकपणे सांगता येत नाही, पण एकदा असं पसरून बघितलं की पानांचा सरळ चुरा भरतात ही समजूत जाते.

विडीत पण असतो का? आणि खैनीत?

नाही. विडीत तंबाखू मुळातच थोडा, साधारण पाव ग्रॅमच्या आत, तो तेंदूच्या पानात हाताने वळतात. आपल्याकडे बेळगावच्या वाटेने येतो तो निपाणीचा तंबाखू त्यासाठी प्रसिद्ध आहे. फुगवायचा खर्च तिथे कोण करणार आणि गरजही नाही. खैनी, जर्दा यात तर फुगवून उपयोगच नाही. पण म्हणून विडी सौम्य असं समजू नका, ती विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते आणि धुरात टार, म्हणजे फुप्फुसात बसणारा चिकट मळ, आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो.

गोव्यात तंबाखू होतो का?

सिगरेटचा नाही. तो व्हर्जिनिया तंबाखू, आंध्र आणि कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला पिकतो, त्याचं बोर्ड गुंटूरला आहे. पण तंबाखू भारतात आणला पोर्तुगीजांनी, त्यामुळे या सगळ्या गोष्टीत गोव्याचं नाव येतंच.

तंबाखू कमी म्हणजे नुकसान पण कमीच ना? माझे बाबा हेच म्हणतात

बाबांना हे वाचून दाखवा. वरवर बघितलं तर त्यांचं बरोबर वाटतं, आत तंबाखू कमी, तर धूर कमी, टार कमी. मशीनवर मोजलं तर आकडे खरंच कमी येतात. मशीन मिनिटाला एकदा, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घेते, आणि फुगवलेला तंबाखू भराभर जळतो त्यामुळे मशीनचे झुरकेच कमी भरतात. म्हणून आकडा छान.

पण माणूस मशीन नाही. शरीराला ठरावीक निकोटिनची सवय झालेली असते, ते कमी पडलं की माणूस नकळत जोरात ओढतो, खोल ओढतो, धूर जास्त वेळ धरून ठेवतो, फिल्टरवरची बारीक भोकं बोटांनी किंवा ओठांनी झाकतो, नाहीतर सरळ अजून एक पेटवतो. शेवटी फुप्फुसात जायचं ते जातंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने २००१ मध्ये या कमी टारवाल्या सिगरेटींचा सगळा पुरावा तपासला आणि लोकांच्या आरोग्याला त्याचा फायदा झाल्याचं दिसत नाही असं सांगितलं. आणि २०१४ च्या सर्जन जनरलच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या, अहवालात तर असं म्हटलंय की १९५० नंतर सिगरेटच्या बनावटीत जे बदल झाले त्यामुळे ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा, धोका वाढला. हा दोष एकट्या फुगवलेल्या तंबाखूवर टाकता येणार नाही, तिथे जास्त संशय भोकांच्या फिल्टरवर आणि नायट्रोसामिन या तंबाखूतल्या कॅन्सरकारक रसायनांवर आहे. पण 'नवीन सिगरेट जुनीपेक्षा बरी' हे म्हणायला काही आधार उरत नाही.

मग 'लाइट', 'माइल्ड' लिहायचे ते?

त्या आकड्यांवरच उभं होतं ते सगळं. भारतात पाकिटावर असे दिशाभूल करणारे शब्द चालत नाहीत, अमेरिकेत जून २०१० पासून बंद. आता रंगावरून तोच इशारा देतात, फिकं पाकीट म्हणजे हलकी. गाड्यावर कोणी 'हलकी दे' म्हणून मागितली की मला वाईट वाटतं, कारण तो माणूस काळजी घेतोय आणि त्याच्या काळजीचाच धंदा झालाय.

फुगवताना वापरलेलं केमिकल सिगरेटमध्ये राहतं का?

कार्बन डायऑक्साइड राहत नाही, गरम पाइपमध्येच निघून जातो. तिथल्या तापमानाला थोडं निकोटिन आणि वास पण उडतो, म्हणून वरून फ्लेवर मारतात. धोका या गॅसचा नाही, धोका जळणाऱ्या तंबाखूचा आहे, तो फुगवलेला असो की नसो.

अशा प्लांटमध्ये काम करणं धोक्याचं आहे का?

काळजी घ्यावी लागते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खड्ड्यात, तळघरात साचतो, दिसत नाही, आणि माणूस दोन मिनिटांत आडवा होऊ शकतो. म्हणून सेन्सर, अलार्म आणि खाली उतरायच्या आधी हवा तपासणं सक्तीचं पाहिजे. शिवाय ३० बारची भांडी, तंबाखूची धूळ, आगीची भीती. वेर्णा, कुंडईला कुठल्याही कारखान्यात लागणार असाल आणि तिथे हा गॅस असेल तर हेच नियम लागू, तंबाखूचा असायची गरज नाही.

गोव्यात कायदा काय आहे?

गोव्याने यात लवकर पाऊल उचललं, सार्वजनिक जागी सिगरेट ओढणं आणि थुंकणं यावर बंदीचा कायदा १९९७ चा, गुटखाबंदी २००५ ची. देशाचा कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रणाचा, कायदा २००३ चा आणि सार्वजनिक जागी ओढायला बंदीचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही, १८ च्या खालच्यांना नाही. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासकट इशारा, एप्रिल २०१६ पासून. पण गाड्यावर सुटी कांडी घेतली की तो इशारा दिसतच नाही, आणि आपली पोरं सुरुवात सुट्या कांडीवरच करतात. ई-सिगरेट २०१९ पासून देशभर बंद आहे, बीचवर कोणी काहीही सांगो.

सोडायचीय, कुठे विचारू?

१८००-११-२३५६, सरकारची फुकट हेल्पलाइन, पाकिटावर पण छापलेली असते.

मॅडम, यावर प्रोजेक्ट करू का?

करा, पण तंबाखू लॅबमध्ये आणायचा नाही. ड्राय आईसची प्रसरणाची गणितं करा. १० ग्रॅम ड्राय आईस मोठ्या फुग्यात किंवा पातळ प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि किती लिटर होतं ते मोजा, २५ अंशांना साधारण साडेपाच लिटर यायला पाहिजे, तुमचा आकडा कमी आला तर गळती शोधा. पिशवी दहा लिटरच्या वरचीच घ्या म्हणजे ताण येणार नाही. बाटलीत किंवा बरणीत झाकण लावून कधीच ठेवायचा नाही, फुटते. जाड हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या, आणि एसी बंद करून पंखा लावा.